केगमधून नुसता फेस, खालची बीअर सपक

एडिसनकर: मंडळी, दोन वर्षं घरी बीअर करतोय, बाटल्या धुवून धुवून हात दुखले म्हणून यंदा 5 गॅलनचा कॉर्नी केग, म्हणजे बीअर भरायची स्टीलची उंच टाकी घेतली, छोट्या फ्रिजवर टॉवर, म्हणजे नळाचा खांब बसवला. बीअर पेल एल प्रकारची आहे, फ्रिज 38 फॅरनहाइटला. घाई होती म्हणून 30 पीएसआय (दाबाचं माप) ला कार्बन डायऑक्साइड गॅस लावून केग मांडीवर आडवा घेतला आणि दहा मिनिटं हलवला, मग 12 वर आणला. आता नळ सोडला की ग्लासात तीन बोटं बीअर, वर सगळा फेस, आणि फेस बसल्यावर प्यायलं तर जिभेला काही टोचतच नाही. प्रेशर 4 वर आणलं तर दोन दिवसांत आणखीच बिघडलं. शनिवारी लोक जेवायला येतायत. गॅस जास्त झालाय की कमी?

हॉप्सवेडा: जास्त झालाय भाऊ. सपक लागते कारण सगळा गॅस ओततानाच फेसात निघून जातो. आणि 4 वर ठेवलं की बीअरमधला गॅस नळीतच सुटायला लागतो, नळीत मधेमधे रिकामे टप्पे दिसत असतील बघ. सिलिंडर बंद कर, रिलीफ व्हॉल्व्ह ओढून वरचा गॅस सोड, दर दोन-तीन तासांनी परत, असं दिवसभर. मग 12 ला लावून हात लावू नकोस, 38 ला तेवढ्यात अडीच व्हॉल्यूमच्या, म्हणजे बीअरच्या अडीच पट विरघळलेल्या गॅसच्या आसपास बसतं, पेल एलला तेच हवं. नळी किती लांब आहे?

एडिसनकर: हो, टप्पे दिसतात! नळी किटबरोबरची, 3/16 इंची, आत्ता मोजली, साडेचार फूट.

हॉप्सवेडा: मग मुख्य घोळ तिथेच. 10 फूट घे. लांब नळीत घासत घासत प्रेशर उतरतं आणि नळापाशी येईपर्यंत बीअर शांत होते. नळ अर्धवट उघडू नको, एका झटक्यात पूर्ण.

ऑस्टिनची ताई: अजून एक बघ. नळी केगला जिथे लागते अगदी तिथूनच बारीक बुडबुड्यांची सतत धार येते का? माझं तसं व्हायचं, दोन महिने मी नळ्याच बदलत बसले, शेवटी बीअरच्या बाजूचा पोस्ट, म्हणजे नळी जोडायचं केगचं तोंड उघडलं तर बीअर वर आणणाऱ्या आतल्या लांब पोकळ दांडीच्या कॉलरखालची छोटी ओ-रिंग (रबरी कडी) चिरलेली, गॅस तिथून सरळ बीअरमध्ये घुसत होता. पोस्ट उघडायच्या आधी केगमधलं प्रेशर पूर्ण सोड हं, हे विसरू नकोस.

एडिसनकर: ताई, ओ-रिंग तपासली, चांगली आहे. दीड दिवस गॅस सोडला, 10 फुटी नळी लावली आणि शनिवार मस्त झाला, वर दोन बोटं घट्ट फेस आणि खालून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे शेवटपर्यंत वर येत होते, बघतच बसलो. फक्त बऱ्याच वेळाने नळ सोडला की पहिला ग्लास अजून फेसाळतो.

हॉप्सवेडा: पहिलाच ना? मग टॉवर गरम आहे, त्यातली बीअर फ्रिजच्या बाहेर उभी राहून तापते आणि तिथे गॅस सुटतो. कॉम्प्युटरचा छोटा पंखा फ्रिजमध्ये ठेव, त्याला पाइप जोडून थंड हवा टॉवरमध्ये वरपर्यंत जाऊ दे.

एडिसनकर: जुना पंखा पडलाय घरात, आज रात्रीच बसवतो.