तूप बाजारात, ताक घरात
'पूर्वी घरोघरी दुधातुपाची रेलचेल होती' असं सर्रास म्हटलं जातं, ते मराठवाड्यापुरतं तरी अर्धंच खरं. लाल कंधारी गाय पाळायची ती मुख्यतः बैलांसाठी. वासराचं भागून चरवीत उरायचं ते जेमतेम. त्याचंही विरजण लागायचं, लोणी कढवून तूप बाजारात जायचं आणि घरच्यांच्या वाट्याला ताक. आजी कढईच्या बुडाची बेरी खरवडून गरम भाकरीवर चोळून द्यायची, वर चिमूटभर साखर. एवढीच चैन!

धाराशिव जिल्ह्यात भूम-कुंथलगिरीकडे तर दूध नासायच्या आत भट्टीवर आटवून खवा करत, तो पेढेवाल्याकडे जाई. आता चहाला पिशवीचं दूध, पोरांना पनीर हवं, आणि पूर्वी शेजारी फुकट देत ते ताकही मसाला घातलेलं, विकतचं.