अनुभव धागा: नंदुरबारचं शिरीषकुमार स्मारक

९ सप्टेंबर जवळ आला की मला गावातला तो चौक आठवतो. १९४२ साली याच दिवशी नंदुरबारला 'चले जाव'च्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. हातात तिरंगा धरलेला शाळकरी शिरीषकुमार मेहता त्यात गेला. वय १५. स्मारकाशी जोडलेली तुमची काही आठवण असेल तर इथे लिहा, दोन ओळीही चालतील.

माझ्यापासून सुरुवात करते. शाळेत आम्ही घोकायचो, 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं'. पाचवीत मी बाईंना अर्थ विचारला. नमणार नाही, भारतभूमीचा झेंडा नमणार नाही. घोषणा गुजरातीत का, तर ती त्याची घरची भाषा. मराठी, गुजराती, अहिराणी, भिली एकाच बाजारात ऐकू येणारं आमचं गाव त्या घोषणेत आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

*

पोलिसाने मुलींवर बंदूक रोखली तेव्हा 'मारायची तर मला मार' म्हणत तो पुढे झाला, असं आमच्याकडे सांगतात. आजी त्याला कधी हुतात्मा म्हणाली नाही. 'पोऱ्या' म्हणायची. माझा मुलगा १५ वर्षांचा झाला तेव्हा त्याला स्मारकापाशी घेऊन गेले. त्याला नुकती मिसरूड फुटत होती. त्याच्याकडे बघितलं आणि मला आजीचा तो शब्द कळला. तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

*

मी शिक्षक आहे. त्या दिवशी किती जण गेले, असं वर्गात विचारलं की उत्तर येतं, एक. गेले पाच. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहाही. एका नावामागे बाकीची चार झाकली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून दरवर्षी फळ्यावर पाचही नावं लिहितो आणि दिवसभर पुसू देत नाही.

*

सुरत-भुसावळ गाडीत नंदुरबार कितीदा लागलं, कधी उतरलो नाही. या वेळी उतरणार आहे. स्टेशनवरून चालत जाता येईल का? आणि सकाळी लवकर फुलं कुठे मिळतील?

*

या की! स्टेशनवर घ्यायला मी येते. फुलं आमच्या अंगणातली आणीन, पाच ओंजळी.