पक्ष बुडाले, मग कल्याणकारी राज्य किती दिवस टिकणार?

वाटसरू:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. युरोपात ज्या सोशल डेमोक्रॅट, म्हणजे मवाळ समाजवादी पक्षांनी पेन्शन, सरकारी दवाखाने, बेकारभत्ता हे सगळं उभं केलं त्यांचीच दैना झालीये. ग्रीसच्या पासोक ह्या अशाच पक्षाला २००९ मध्ये जवळपास ४४ टक्के मतं होती, जानेवारी २०१५ मध्ये ५ टक्केसुद्धा नाहीत. जर्मनीतला तसाच पक्ष एसपीडी, तीही २०२५ ला १६ टक्क्यांवर आली. पण सोयी मात्र लोकांना हव्याच आहेत, फ्रान्समध्ये २०२३ ला निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायला घेतलं तर लाखो लोक रस्त्यावर आले. हे कसं काय? आणि म्हातारी माणसं वाढतायत, कमावणारे कमी होतायत, पैसा पुरणार कसा?

सांजवेळ:
पैशाला वाटा निघतात. स्वीडनने १९९० च्या दशकात डाव्या-उजव्या बहुतेक पक्षांना एकत्र बसवून पेन्शन बदललं, आता लोक जास्त जगायला लागले किंवा अर्थव्यवस्था मंदावली की रक्कम आपोआप जुळवून घेतली जाते. डेन्मार्कने निवृत्तीचं वय आयुर्मानाला बांधलंय, २०४० पर्यंत ते ७० होणार. पण ऑफिसात बसणाऱ्याचं ७० आणि लहानपणापासून विटा उचलणाऱ्याचं ७० एकच कसं धरायचं? म्हणून तिथे लवकर कामाला लागलेल्यांना आधी निवृत्त व्हायची सोय केलीये, आणि मला तरी तोच खरा समाजवादी विचार वाटतो.

जुनाजाणता:
पक्षांचं म्हणाल तर त्यांनी आपलीच माणसं दुखावली. जर्मनीत एसपीडीचेच श्र्योडर चान्सलर असताना २००३ ते २००५ मध्ये हार्ट्झ नावाच्या रोजगार सुधारणा आल्या, बराच काळ बेकार असलेल्यांचा भत्ता आवळला, कामगार जे तुटले ते तुटलेच. दुसरं म्हणजे युनियन. स्वीडन, डेन्मार्कमध्ये बेकारी विम्याचे फंड युनियनशी जोडलेले, त्यामुळे माणूस युनियनमध्ये यायचा आणि त्यातूनच पक्षाला कार्यकर्ते मिळायचे. आज ॲपवर डिलिव्हरी करणाऱ्याला धड मालक कोण तेच माहीत नाही, तो कुणाशी वाटाघाटी करणार? ह्या लोकांना संघटित केल्याशिवाय नुसते जाहीरनामे बदलून काही होणार नाही.

वाटसरू:
पटतंय. पण मग पैसा कमी असेल तर फक्त गरिबांनाच द्या ना, श्रीमंतांच्या पोरांना कशाला फुकट?

सांजवेळ:
इथेच गडबड होते! १९९८ मध्ये कॉर्पी आणि पाल्मे ह्या दोन स्वीडिश अभ्यासकांनी देशादेशांची तुलना करून दाखवलं की मदत जितकी फक्त गरिबांपुरती, तितकं विषमता घटायचं प्रमाण कमी, कारण मध्यमवर्गाला काहीच मिळत नसेल तर तो टॅक्स द्यायला कुरकुरतो आणि एकूण बजेटच आटतं. स्वीडन, डेन्मार्कमध्ये २५ टक्के व्हॅट आहे, तो सगळेच भरतात, गरीबसुद्धा. लोक भरतात कारण आपलंही पोर त्याच पाळणाघरात जातं. ब्रिटनमध्ये १९४८ ला मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री बेव्हन ह्यांनी एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांसाठी उघडली आणि पुढे उजव्या पंतप्रधान थॅचरबाईंनी इतकं काय काय सरकारी विकलं तरी तिला थेट हात घालता आला नाही, ते ह्याच जोरावर.

म्हणून मला खरी काळजी वाटते ती मध्यमवर्ग हळूहळू बाहेर पडतोय ह्याची. खुद्द स्वीडनमध्ये आता लाखो लोकांकडे खाजगी आरोग्य विमा आहे, बहुतेकांचा कंपनीच भरते, सरकारी रांगेत थांबावं लागत नाही. त्यांना पुढच्या निवडणुकीत ती रांग कमी करायला जास्त टॅक्स द्या म्हणून कोण पटवणार?