शेपर्डला पूने मोठं केलं की पूला शेपर्डने?

रानवेडा: चित्रकार अर्नेस्ट शेपर्ड हा निव्वळ नशीबवान माणूस, असं माझं स्पष्ट मत आहे. ए. ए. मिल्नने १९२६ मध्ये पू नावाच्या अस्वलाचं 'विनी द पू' लिहिलं, याने त्यात चार रेघोट्या मारल्या आणि जन्माचं कल्याण झालं. पू नसता तर आज त्याला कुणी ओळखलं असतं? तरी उतारवयात त्याच अस्वलावर वैतागायचा. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

दौत-टाक: 'रेघोट्या' वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पू आला तेव्हा शेपर्ड ४६ वर्षांचा होता. लंडनच्या रॉयल अकॅडमी स्कूल्समध्ये शिकलेला. 'पंच' या विनोदी साप्ताहिकात १९०७ पासून चित्रं येत होती, १९२१ पासून तो तिथला कायमचा माणूस. मधे पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढला, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळवलं. भाऊ सिरिल सोमच्या लढाईत पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला, गेला. हा माणूस मिल्नच्या दारात ताटकळत उभा नव्हता. उलट मिल्नलाच तो नको होता! मिल्नच्या १९२४ च्या कवितासंग्रहासाठी 'पंच'मधल्याच ई. व्ही. लुकसने त्याचं नाव सुचवलं, तेव्हा मिल्न नाखूश होता.

आता पहिलं प्रकरण उघडा. मधासाठी पू झाडावर चढतो. झाड पानाच्या कडेने उभं आहे आणि मजकूर अंग चोरून त्याच्या बाजूने खाली उतरतो. नजर वर जाते, वाक्यं खाली येतात आणि चढताना पूला लागलेली धाप आपल्याला लागते. याला रेघोट्या म्हणायचं? शिवाय ते अस्वलही मिल्नच्या घरचं नाही. मिल्नच्या मुलाचं, ख्रिस्तोफर रॉबिनचं खेळण्यातलं अस्वल लंडनच्या हॅरॉड्स दुकानातलं. शेपर्डने काढलं ते स्वतःच्या मुलाचं, ग्रॅहमचं 'ग्राउलर'.

रानवेडा: ग्राउलर ठीक आहे. पण त्याला बोलतं कुणी केलं? इयोर गाढवाचं रडगाणं, पिगलेट या डुकराच्या पिल्लाचा भित्रेपणा, सगळं शब्दांत आहे. मी मुलीला रात्री दिवा मंद करून वाचून दाखवतो, तिला एकही चित्र दिसत नाही, तरी ती पोट धरून हसते.

खारीचा वाटा: मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, म्हणून बोलते. तुमच्या त्या मिल्नने काय केलं माहितेय? स्वतःच्या रॉयल्टीतला वाटा शेपर्डला मिळेल अशी व्यवस्था केली. तेव्हा चित्रकाराला एकरकमी पैसे देऊन मोकळं करायची रीत होती. आजही आहे. एका प्रकाशकाने माझ्या चित्रांचे एकदाच पैसे दिले. पुढे तीच चित्रं शाळेच्या वह्यांवर आली, मग कॅलेंडरवर. विचारलं तर म्हणे, "ताई, तुमची प्रसिद्धीच होतेय ना!" मुखपृष्ठावर नावसुद्धा नाही.

हिशेबनीस: प्रकाशकाला झोडपणं सोपं असतं. मी त्याच धंद्यात आहे. रंगीत पुस्तक म्हणजे आर्ट पेपर, चार रंगांची छपाई, वर विक्रेत्यांचं कमिशन. आवृत्ती संपायला वर्षं जातात. आधी पैसे कुणाचे अडकतात? आणि लोक लेखकाचं नाव बघून पुस्तक घेतात, मुखपृष्ठावर गर्दी कशाला? करार वाचून सही केली होती ना?

खारीचा वाटा: करार? फोनवर बोलणं झालं, तोच करार. तुमच्या धंद्यातली पद्धत मला शिकवू नका! शेपर्डची पूची पेन्सिल रेखाटनं त्याच्याकडे होती, म्हणून तर तो ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला देऊ शकला. माझी मूळ चित्रं अजून त्या प्रकाशकाच्या गोदामात आहेत. एक चित्र बघायला मिळालं, कडेने वाळवीने खाल्लेलं. जलरंगातली आई आणि तिचं पिल्लू, त्यातलं पिल्लूच गेलं होतं.

शाईचा डाग: धागा भरकटलाय, पण मलाही एक बोलू द्या. हल्ली पू म्हटलं की मुलांना तो लाल बंडीवाला गोळाच आठवतो. बंडी शेपर्डची नव्हे, १९३२ मध्ये अमेरिकेतल्या हक्कदाराने चढवली, पुढे डिस्नेने जगभर नेली. पूच्या दुसऱ्या पुस्तकातला, 'द हाउस अ‍ॅट पू कॉर्नर'मधला वादळी दिवस बघा. पिगलेटचे कान मागे फडफडताहेत, बस, वारा दिसतो. तिथे रंग हवेतच कशाला?

रानवेडा: त्या चित्रांना पुढे रंग खुद्द शेपर्डनेच दिले, नव्वदी उलटल्यावर. ते सोयीस्कर विसरलात?

दौत-टाक: रंग राहू द्या, वैतागाचं बोलू. १९३१ ची 'द विंड इन द विलोज'ची चित्रं पाहिलीत? त्या पुस्तकाच्या थकलेल्या लेखकाला, केनेथ ग्रॅहमला भेटून, त्याच्या नदीकाठी हिंडून काढलेली. 'पंच'मधली जवळपास अर्धशतकाची चाकरी १९५३ मध्ये नवे संपादक मॅल्कम मगरिज यांनी संपवली, तेव्हा शेपर्ड ७३ वर्षांचा. आणि ग्राउलर ज्याचं होतं तो मुलगा ग्रॅहम १९४३ मध्ये अटलांटिकमध्ये युद्धनौकेबरोबर बुडाला. त्यानंतर तीसेक वर्षं जो तो येऊन फक्त अस्वलाबद्दलच विचारणार. बापाने वैतागूही नये?

आणि मिल्नला स्वतःला काय वाटत होतं? त्याने शेपर्डला एका प्रतीवर कविता लिहून दिली. माझ्या थडग्यावर तुझी दोन चित्रं काढ, एक पिगलेटचं, एक पू आणि पिगलेट चालतानाचं. स्वर्गाच्या दारावरच्या सेंट पीटरला ती माझीच वाटतील आणि तो मला स्वर्गात घेईल, असं. लेखकाला स्वर्गात शिरायला चित्रकाराची चित्रं लागतात, हे लेखकच म्हणतोय.

रानवेडा: मुलाचं माहीत नव्हतं. वैतागाबद्दल आता काही बोलत नाही, 'रेघोट्या'ही मागे. पण 'नशीबवान' मागे घेणार नाही. १९२४ मध्ये लुकसने दुसरं नाव घेतलं असतं तर हा धागा निघाला नसता.

दौत-टाक: निघाला असता, 'विलोज'वर.

हिशेबनीस: ताई, मूळ चित्रं लेखी मागा. ती चित्रकाराचीच, एवढं प्रकाशक असूनही मान्य करतो. मुखपृष्ठावरच्या नावाबद्दल मात्र माझं मत तेच.

खारीचा वाटा: मग पुढचं मुखपृष्ठ तुम्हीच काढा.