इलियडमध्ये फक्त राजेच नाहीत

काही जण म्हणतात की इलियडमध्ये, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्यात, नुसती राजेरजवाड्यांची भांडणं, त्यातून समाज काय कळणार? मला हे अर्धंच पटतं.

23व्या सर्गात पॅट्रोक्लसच्या (महायोद्धा अकिलीसच्या जिवलग मित्राच्या) अंत्यविधीनंतरचे खेळ आहेत. कुस्तीत जिंकणाऱ्यासाठी ठेवलेलं विस्तवावरचं मोठं तीन पायांचं भांडं 12 बैलांच्या मोलाचं, आणि हरणाऱ्यासाठी अनेक कामांत तरबेज अशी एक बाई, मोल 4 बैल. म्हणजे नाणी नाहीत, हिशेब गुराढोरांत, आणि गुलाम बाई भांड्यापेक्षा स्वस्त! कवी हे सांगताना जराही अडखळत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसावं. (होमरच्याच ओडिसीत ओडिसियसचा बाप लाएर्टीस युरिक्लिया या दासीसाठी 20 बैल मोजतो, तेव्हा भाव काही ठरलेला नव्हता.)

दुसऱ्या सर्गातला थर्सायटीस, ग्रीक सैन्यातला एक सामान्य माणूस, तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भर सभेत तो ग्रीकांचा सरसेनापती राजा अगामेम्नॉन याला लुटीच्या वाट्यावरून सुनावतो. राजा ओडिसियस थर्सायटीसच्या पाठीत राजदंड हाणतो, रक्ताळलेला वळ उठतो, तो डोळे पुसतो आणि सैनिक हसतात. पहिल्या सर्गात अकिलीस जवळपास हेच बोलला होता, पण त्याला मारायची कोणाची टाप होती?

मात्र हे सगळं मायसेनीच्या राजवाड्यांच्या काळातलं, म्हणजे होमरच्या कित्येक शतकं आधीच्या ग्रीसमधलं, मानायला मी तयार नाही. त्या राजवाड्यांतल्या लिनिअर बी लिपीतल्या मातीच्या पाट्यांमधली कारकुनी, शिध्याच्या नोंदी इथे औषधालाही सापडत नाहीत. 10व्या सर्गातलं रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण मात्र खरंच त्या काळातलं आहे.