मदत हवी आहे: युद्ध जाहीर न करता नवारिनोची लढाई कशी झाली?

जुनी_वही: उद्या संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचंय आणि एकाच ठिकाणी अडले आहे. ६ जुलै १८२७ च्या लंडन तहात ब्रिटन, फ्रान्स, रशिया यांनी मध्यस्थीच ठरवली होती ना? तुर्कस्तानच्या सुलतानाविरुद्ध उठलेल्या ग्रीसला स्वायत्तता, वर सुलतानाचं स्वामित्व कायम. तुर्कस्तानशी युद्ध कुणीच पुकारलं नव्हतं. मग २० ऑक्टोबरला ग्रीसमधल्या नवारिनोच्या बंदरात त्याचं आरमार कसं बुडवलं? पुस्तकांची नावं नकोत, वाचायला वेळ नाही.

सागरवेडा: लिहून कुठे द्यायचंय? यूपीएससी की एमए? प्रश्न जसाच्या तसा टाका.

मेघमल्हार: इतिहास वैकल्पिक घेतला असेल तर फेरविचार करा. माझ्या भाच्याने समाजशास्त्र घेतलं, अभ्यासक्रम आटोपशीर आहे.

जुनी_वही: विषय बदलायचा नाहीये! एमए, ५०० शब्द. "ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातील सत्तांचा हस्तक्षेप नियोजित होता का?"

तोफखाना: ताई, हे आधी सांगायचं. तहाला गुप्त कलम होतं, गोम तिथे आहे. सुलतानाने महिन्याभरात ऐकलं नाही तर दोन्ही बाजूंना लढण्यापासून रोखायचं, पण स्वतः युद्धात पडायचं नाही. समुद्रावर हे करायचं कसं? ब्रिटिश ॲडमिरल कॉड्रिंग्टनने कॉन्स्टँटिनोपलच्या ब्रिटिश राजदूताला हेच विचारलं. उत्तर आलं, सगळे उपाय थकले तर तोफा चालवा. सप्टेंबरात सुलतानाच्या बाजूने लढणाऱ्या सेनापती इब्राहिम पाशाने थांबायचं तोंडी कबूल केलं, पण ग्रीकांच्या बाजूने कॉरिंथच्या आखातात हल्ले चालूच राहिले. तो भडकला, त्याच्या फौजेने मोरियातली (दक्षिण ग्रीस) गावं आणि ऑलिव्हच्या बागा जाळायला घेतल्या. हिवाळ्यात बाहेर थांबून नाकेबंदी टिकली नसती, म्हणून तिन्ही आरमारं सरळ बंदरात शिरून नांगर टाकू लागली. शत्रूवर पेटवून सोडायचं एक तुर्की जहाज जवळच होतं. ते हलवा म्हणून सांगायला ब्रिटिश जहाज 'डार्टमथ'ची होडी गेली, तिच्यावर गोळ्या झाडल्या, आणि मग तासन्‌तास तोफा. तिघांचं एकही जहाज बुडालं नाही.

उत्तरायण: लढाईला एवढं महत्त्व देऊ नका. सुलतान महमूद नवारिनोनंतरही वाकला नाही. वाकला तो १८२९ मध्ये, रशियन फौज तुर्कस्तानातल्या एड्रियानोपलला पोचल्यावर. पहिल्याच ओळीत रशिया लिहा.

तोफखाना: याच रशियाच्या झारने १८२१ मध्ये ग्रीक उठावाचा पुढारी इप्सिलांतिसला वाऱ्यावर सोडलं, ऑस्ट्रियाच्या मेटरनिखच्या नादाने. रशियाने एकट्याने उतरू नये म्हणून ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंगने १८२६ चा सेंट पीटर्सबर्ग करार घडवून त्याला बांधून घेतलं.

उत्तरायण: आणि ऑगस्ट १८२७ मध्ये कॅनिंग वारल्यावर? ब्रिटनमधल्या वेलिंग्टनच्या सरकारने नवारिनोला अनिष्ट घटना ठरवलं, कॉड्रिंग्टनला माघारी बोलावलं. एप्रिल १८२८ मध्ये रशिया युद्धात उतरलाच. कुठे राहिलं बांधून घेणं?

उन्हाळी: ग्रीकांसाठी गेलेल्या इंग्रज कवी बायरनला सगळे विसरलात. १८२४ मध्ये ग्रीसमधल्या मिसोलोंघीला तापाने गेला, तेव्हा लंडन-पॅरिसमध्ये किती हळहळ झाली! लोकमताशिवाय सरकारं हलत नाहीत.

सागरवेडा: कॉड्रिंग्टनचं निशाणाचं जहाज 'एशिया' आपल्या मुंबई गोदीत बांधलेलं, ८४ तोफांचं, सागवानी, १८२४ मध्ये पाण्यात उतरलेलं. गोदीच्या लायन गेटवरून जाताना हे आठवलं की ऊर भरून येतो.

जुनी_वही: माहिती छान आहे, पण ५०० शब्दांत कुठे बसवू? तोफखाना, म्हणजे "नियोजित नव्हता" असं लिहू का?

तोफखाना: सरसकट नको. आरमार पाठवून दबाव आणायचं ठरलेलं होतं, बंदरातली लढाई कुठल्याच राजधानीने ठरवली नव्हती. आदेश मोघम होते, हे कलमाच्या आधाराने दाखवा. उत्तरायण यांचा मुद्दा शेवटी घ्या: ३ फेब्रुवारी १८३० च्या लंडन प्रोटोकॉलने (तिन्ही सत्तांच्या करारनाम्याने) ग्रीसला पूर्ण स्वातंत्र्य दिलं, कारण रशियाच्या छायेतल्या स्वायत्त ग्रीसपेक्षा स्वतंत्र ग्रीस ब्रिटनला परवडणारा होता.

उत्तरायण: शेवटी कशाला? तिथूनच सुरुवात करा. आणि १८३२ मध्ये बव्हेरियाचा ऑटो राजा म्हणून याच तिघांनी बसवला, तेही येऊ द्या.