कामावर लागलं, मग कागदावर काय लिहिलं? तुमचे अनुभव सांगा

चाकण-भोसरी पट्ट्यात सेफ्टीचं काम करते. अपघाताचे रिपोर्ट वाचून वाचून कंटाळा आलाय, कारण एकच, 'कामगाराचा निष्काळजीपणा', आणि उपाय म्हणे 'समज दिली'. तुम्हाला किंवा घरच्यांना लागलं तेव्हा चौकशी कशी झाली, पदरात काय पडलं ते लिहा. कंपनीचं नाव नको.

माझ्यापासून सुरुवात. पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, एका पोराची तर्जनी गेली. मी पोचेपर्यंत डाय (मशीनचा साचा) पुसून झालेली आणि रिपोर्टही तयार, 'हात आत घातला'. अहो पण हात आत असताना स्ट्रोक (मशीनचा दाब) पडलाच कसा, दोन बटणं दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय पडायला नको ना! वाकून बघितलं तर डावं बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं. पट्टी मळून काळी झालेली, म्हणजे आजची नव्हेच. नीट सर्किट असेल तर दर स्ट्रोकला दोन्ही बटणं सोडून परत दाबावी लागतात, पट्टी लावून काही उपयोग होत नाही, इथे ते सर्किटच नव्हतं. एका हाताने जॉब (पत्र्याचा तुकडा) सरकवला तरच टार्गेट बसतं, हे शेजारच्या मशीनवरच्या काकांनी चहाला सांगितलं. सुपरवायझरसमोर तेच काका 'मला काय दिसलं नाय' म्हणाले होते. म्हणून आधी फोटो, मग झाडू, आणि साक्षीदाराशी बोलायचं ते एकट्याशी.

नाईट_शिफ्ट : आमच्याकडे गेटवर 'अपघातविरहित दिवस' असा बोर्ड आहे, तो शून्यावर यायला नको म्हणून पायाला प्लास्टर घातलेल्या माणसाला गाडी पाठवून आणतात आणि स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवतात. कायद्यात 48 तास किंवा जास्त काम करता आलं नाही तर अपघात कळवायचा आहे, म्हणजे हजेरी लागली की विषय संपला. बिचारा दिवसभर बोल्ट मोजत बसतो.

हेल्पर_होतो : मी ठेकेदाराकडे होतो, बोट गेलं तेव्हा माझा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नंबरच नव्हता, खाजगी दवाखान्यात नेलं आणि 'घरी जिना उतरताना लागलं' असं सांगायला लावलं. मी डॉक्टरांना खरं सांगितलं आणि केसपेपरवर तसंच लिहून घेतलं, पुढे तोच एक कागद कामाला आला. भरपाईचा तक्ता कायद्यातच आहे, तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के कमी धरतात, अंगठा गेला तर 30. आपलं बोट असं टक्क्यांत वाचायला कसंतरीच होतं.

वॉर्ड_सिस्टर : कारखान्याचंच कशाला, आमच्याकडे सुई टोचली की निम्म्या जणी गप्प बसतात, इन्चार्ज ओरडतील म्हणून. एचआयव्हीचा धोका वाटला तर औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर 72 तासांत सुरू व्हायला लागतं गं, ओरडा खा पण नोंद कर! सुई कुठे टोचली तेही बघावं ना कोणी. आमच्याकडे वापरलेल्या सुया टाकायचा डबा पलंगापासून लांब आणि वर काठोकाठ भरलेला, मग टोचणारच.

सेकंड_शिफ्ट : रात्री घरी येताना बाइक घसरली, सगळे म्हणाले कंपनीचा काय संबंध. ईएसआयमध्ये 2010 पासून घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही धरतात, फक्त वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसला पाहिजे. गेटपासचा पंच आणि पोलिसांकडची नोंद जोडली, सुट्टीतल्या पगाराच्या 90 टक्के मिळाले. चकरा मारल्या त्या वेगळ्याच.

लीड्सकर : इथे यूकेत सात दिवसांहून जास्त काम बंद राहिलं तर मालकाला 15 दिवसांत सरकारला कळवावं लागतं. लपवालपवी इथेही चालते हां, स्वर्ग वगैरे काही नाही.

बीडची_ताई : माझ्या भावाचा हात मशीनमध्ये आलाय, ठेकेदार कोऱ्या कागदावर सही मागतोय, म्हणतो दवाखान्याचं बिल भरतो. करू का?

धागाकर्ती : ताई, सही अजिबात नको! आधी ईएसआय कापतात का ते पगाराच्या स्लिपवर बघा. कापत असतील तर कंपनीने ईएसआयला अपघाताचा रिपोर्ट दिला का ते विचारा. नसेल कापत तर कामगार भरपाईच्या कायद्याने दावा करता येतो, मुदत दोन वर्षं, आणि ठेकेदार हात वर करत असला तरी काम ज्याचं आहे त्या मालकावरही दावा लागतो. आणि आजच त्या मशीनचा फोटो कोणाकडून तरी मागवून घ्या, उद्या मशीनला गार्ड (संरक्षक जाळी) बसवलेला असेल.